गोल्ड कुणाच्या नावावर?

"ह्यातली कुठली चांगली ते तू सांग बाय. आमी बोलून बोलून दमलो," असं म्हणत सुगंधाने तिचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. स्क्रीनवर एका विमान कंपनीचं अ‍ॅप उघडं होतं. तिने बोट सरकवलं, दुसऱ्या कंपनीचं आलं. मग तिसऱ्या. प्रत्येकात तिचं नाव, एक मेंबरशिप नंबर आणि तळाशी थोडेसे पॉइंट्स.

शेजारच्या खुर्चीत प्रमिलावहिनी बसल्या होत्या. त्यांनीही पिशवीतून फोन काढला. त्यावरही तीच तीन अ‍ॅप.

"आमी न्हाय, तू एकलीच बोलत व्हतीस," वहिनी म्हणाल्या.

अलिबागमध्ये माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे. त्याआधी मी मुंबईत एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर होते. लग्न होऊन इकडे आले आणि काउंटरच्या अलीकडच्या बाजूला बसायला लागले. लोकांना वाटतं, अलिबागच्या एजन्सीत फक्त शनिवार-रविवारची हॉटेल बुकिंग होत असतील. पण माझं ऑफिस चालतं ते महिन्याच्या महिन्याला विमानाने जाणाऱ्या लोकांवर. कंपन्यांचे इंजिनिअर आहेत, एक-दोन रिसॉर्टवाले आहेत, आणि ह्या दोघी आहेत.

ह्या दोघी नणंद-भावजय. काशीदच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातल्या. वहिनींचे मिस्टर नारायणदादा, त्यांची बोट आहे. सुगंधा त्यांची धाकटी बहीण, त्याच वाड्यात चार घरं सोडून दिलेली. धंदा सुक्या मासळीचा. नाव सुगंधा आणि विकते सुके बोंबील, हा विनोद तुम्ही करायच्या आत ती स्वतःच करते. पूर्वी दोघी अलिबागच्या बाजारात पाट्या घेऊन बसायच्या. मग पॅकिंग सुरू केलं, फर्म रजिस्टर केली, आणि आता त्यांचे सोडे (सोललेली सुकी कोळंबी), जवळा, बोंबील बंगळुरू, कोलकाता आणि गुवाहाटीपर्यंत जातात. ईशान्येकडे सुक्या मासळीला केवढी मागणी आहे हे मलाही ह्या दोघींमुळेच कळलं.

ह्या धंद्यात फोनवर भागत नाही. गिऱ्हाईक पोत्यात हात घालून माल बघतं, नाकाशी धरतं आणि मग भाव बोलतं. त्यामुळे कुणीतरी जावंच लागतं. एकीने जायचं, दुसरीने मासळी वाळवायच्या खळ्यावर थांबायचं. खळं सोडून दोघींना एकदम जाता येत नाही. वारा फिरला, ढग आले, तर पसरलेला सगळा माल घाईने उचलावा लागतो. म्हणून एक खेप सुगंधाची, पुढची वहिनींची, असं पाळीपाळीने चाललं होतं.

त्या दिवशी सुगंधा तापली होती ती कोलकात्यावरून. तिथलं काम सकाळीच उरकलं. संध्याकाळच्या विमानाऐवजी दुपारच्या विमानाने निघाली असती तर गेटवेवरून मांडव्याची शेवटची बोट मिळाली असती. काउंटरवर गेली तर तारीख-वेळ बदलायचा चार्ज जवळजवळ नव्या तिकिटाएवढा. तिच्या मागच्या माणसाने मात्र एक कार्ड दाखवलं आणि हसत हसत दुपारच्या विमानात बसून गेला.

"मी इचारलं त्या पोरीला, त्याला कसं गं फुकट? ती बोलली, सर गोल्ड मेंबर हायत," सुगंधा म्हणाली. "मना तसलं कार्ड पायजे."

"आणि तू त्या दिवशी काय केलंस?"

"काय करतंय? शिवडीला मावसबहिनीकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी पयली बोट."

मी दोघींना चहा सांगितला आणि समजवायला घेतलं. तुम्हीही नियमित विमानाने जात असाल तर हे उपयोगी पडेल, म्हणून इथेही सांगते.

विमान कंपन्यांच्या फ्रीक्वेंट फ्लायर प्रोग्रॅममध्ये दोन प्रकारचे पॉइंट असतात आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. एक असतात खर्चायचे. त्यांना कुणी माइल्स म्हणतं, कुणी रिवॉर्ड पॉइंट्स. ते साठले की त्यातून तिकीट मिळतं. दुसरे असतात वर चढायचे. ते खर्चता येत नाहीत. वर्षभरात ठरावीक साठले की कंपनी तुम्हाला सिल्व्हर करते, आणखी साठले की गोल्ड. ह्याला म्हणायचं टियर, किंवा स्टेटस. मग जादा वजन नेता येतं, लाउंजमध्ये बसायला मिळतं, चेक-इनची रांग वेगळी असते, आधीच्या विमानात जागा असेल तर बदलून मिळते. वर्ष संपलं की चढायचे पॉइंट पुन्हा शून्यावर.

"म्हंजी पोरांच्या शाळंसारकं," वहिनी म्हणाल्या. "पुडच्या वर्गात गेलं की परत पयल्यापासून."

"बरोबर. आणि गंमत अशी की तुम्ही दोघी तीन-तीन शाळांमध्ये जाताय. म्हणून कुठल्याच शाळेत पास होत नाही."

तीन कंपन्यांची नावं घ्यायचं मला कारण नाही. आम्ही त्या दिवशी त्यांना खाण्यावरून ओळखत होतो. एक जेवणवाली. तिच्यात जेवण तिकिटातच असतं, तिकीट थोडं महाग, प्रोग्रॅम जुना आणि गोल्डला मान चांगला. दुसरी उपमावाली. कपातला उपमा विकत घ्यायचा. तिकीट स्वस्त, विमानं सगळ्यात जास्त, पण गोल्ड झालात तरी हातात फार काही पडत नाही. तिसरी अगदी नवी, चकचकीत. तिची योजना होती की दुसऱ्या कंपनीचं गोल्ड दाखवा, आम्हीही तुम्हाला गोल्ड करतो. ऐकायला छान. पण ती गुवाहाटीला जातच नव्हती. तिचं नाव मी पहिल्याच चहाबरोबर खोडलं.

उरल्या दोन. त्यांच्या वर्षभराच्या सगळ्या खेपा माझ्या सिस्टिममध्ये होत्या. मी त्या जेवणवालीच्या नियमात बसवून पाहिल्या. उत्तर स्वच्छ होतं. सगळ्या खेपा एकाच कंपनीने केल्या आणि एकाच बाईने केल्या, तर ती बाई वर्ष संपायच्या आत गोल्ड होते. दोघींनी वाटून घेतल्या तर दोघीही सिल्व्हरच्या अलीकडेच राहतात. स्टेटस माणसाला मिळतं. फर्मला नाही.

मी हे सांगितलं तेव्हा सुगंधा म्हणाली, "मंग मीच जातंय सगळीकडं. मना हिंदी येते, बोलाय-चालायचं मी करते. वयनी खळं बगते. नायतरी खळ्याचं तिच्याइतकं कोनाला कळत न्हाय. काय गो वयनी?"

वहिनींनी कपातला चहा संपवला. "व्हय," म्हणाल्या. "बरोबर हाय हिशोब."

हिशेब खरंच बरोबर होता. दुसऱ्या कुठल्या एजन्सीतही त्यांना हेच सांगितलं असतं.

पुढचे काही महिने सुगंधाच सगळीकडे गेली. बंगळुरू, कोलकाता, गुवाहाटी, पुन्हा बंगळुरू. लवकरच ती सिल्व्हर झाली. त्या दिवशी तिचा फोन आला, "माधवी, माझी बॅग पयली आली बेल्टवर! त्याच्यावर प्रायॉरिटी लिवलंय!" ती एवढी खूश होती की बेल्टपाशी उभ्या उभ्याच तिने फोन लावला होता, मागून विमानतळावरची घोषणाही मला ऐकू येत होती. सॅम्पलच्या बॉक्सचं जादा वजनही आता फुकट जात होतं. माझ्या दृष्टीने केस मार्गी लागली होती.

मग एका सोमवारी प्रमिलावहिनी एकट्याच ऑफिसात आल्या. अलिबागला काही कामाने आल्या असतील असं वाटलं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मना येक तिकीट काढून दे. गुवाहाटी. जायाचं आनी यायाचं."

"सुगंधाचं तर बुधवारचं काढलंय वहिनी."

"तिचं तिचं. माझं मी माझ्या पैशानं काढते. फर्मच्या न्हाय."

"काम काय आहे?"

"काम काय असाय पायजे?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलल्या. मग स्वतःच खाली आल्या. "माधवी, पयल्यांदा इमानात बसले तवा तो पट्टा लागंना. शेजारच्यानं लावून दिला. मंग बंगळुरूला उतरले, येकलीनं टॅक्सी केली, त्या दुकानदाराशी भाव केला, ऑर्डर घेऊन आले. घरी आले तवा ह्यांनी इचारलं, कसं काय झालं? मी बोलले, झालं. पन मना आतून काय वाटलं ते मना म्हाईत. आता मी सकाळपासून कावळं हाकते. ती गोल्ड व्हनार आनी माझ्या हातात काठी."

मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा हो म्हणालात."

"हिशोब बरोबर व्हता म्हनून बोलले. हिशोबाला न्हाय कसं बोलायचं?"

तिकीट मी लगेच काढलं नाही. वहिनींना म्हटलं, मला बुधवारपर्यंत वेळ द्या. चिडूनच गेल्या त्या. दोघींमधलं भांडण मला सोडवता येणार नव्हतं. पण प्रोग्रॅम पुन्हा वाचता येत होता. ह्यावेळी मी गोल्डपासून सुरुवात न करता उलटीकडून निघाले. ह्या फर्मला नक्की हवंय काय? तारीख बदलायची सोय, कारण बोटीची वेळ आणि गिऱ्हाइकाचा मूड दोन्ही सांगता येत नाहीत. सॅम्पलचं जादा वजन. आणि दोघींनाही जाता येणं. लाउंज कुणी मागितलंच नव्हतं. सुगंधा लाउंजबद्दल मला विचारायची, "तितं बसून काय करायचं असतं?"

उपमावालीची एक योजना मी आधी नीट पाहिली नव्हती, कारण तिचा गोल्डशी संबंध नव्हता. छोट्या फर्मसाठी असते. जीएसटी नंबरवर फर्मचं खातं उघडायचं. त्या खात्यातून काढलेल्या तिकिटावर थोडे जास्त पैसे पडतात, पण तारीख बदलायला चार्ज जवळपास नाही, बॅगेचं वजन जास्त, आणि उपमासुद्धा तिकिटातच. ह्याला कॉर्पोरेट फेअर म्हणतात. मुख्य म्हणजे प्रवासी कोण आहे ह्याच्याशी त्या सवलतीचा काही संबंध नसतो. आज सुगंधा, उद्या वहिनी, परवा नारायणदादा. जो जाईल त्याला मिळणार. पॉइंट्स फर्मच्या खात्यात.

म्हणजे त्या कोलकात्याच्या माणसाला जे कार्डामुळे मिळालं, ते ह्यांना तिकिटामुळे मिळू शकत होतं.

अडचण एकच. त्यासाठी जेवणवाली सोडावी लागणार होती आणि सुगंधा तिच्या गोल्डच्या अगदी जवळ आली होती.

बुधवारी सुगंधा गुवाहाटीला गेली. ती परत आली की दोघींसमोरच बोलू, असं मी वहिनींना कळवलं. शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बरुआबाबू मागच्या लॉटची तक्रार करतोय. बोलतो सोडं वलं झालं, वास बदलला. अर्धा माल परत ने बोलतो. म्होरल्या सीझनची ऑर्डर तर नकोच बोलतो."

बरुआ म्हणजे त्यांचा गुवाहाटीचा मोठा घाऊक व्यापारी. त्याची ऑर्डर गेली तर तिच्याच भरवशावर बांधायला घेतलेल्या नव्या पॅकिंग शेडचं काय करायचं, हा प्रश्न होता.

"वहिनींना फोन केलास?"

"केला. ती बोलली, पोतं कुटं ठेवलं व्हतं, आतली पिशवी कसली व्हती, हाताला कसं लागतंय ते बग. मी बगते गो, पन मना तिच्यासारकं न्हाय कळत. मी नुसती बोलत बसली. त्याला कळलं मना म्हाईत न्हाय ते." मग म्हणाली, "हाटेलात बसलेय. परत आलेलं सोडं टेबलावर ठेवून बसलेय. मी हितं येकली काय करू, सांग."

मी म्हटलं, "त्याला म्हण, आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात येतो. तोवर माल हलवू नको."

"दोघी? खळं?"

"ते मी बघत नाही. तुम्ही बघा."

रविवारी मी त्यांच्या खळ्यावर गेले. वहिनी बोंबलांच्या दोऱ्यांपाशी होत्या. सुगंधा उंबऱ्यावर बसलेली. नारायणदादा जाळं दुरुस्त करत होते. मी येण्याआधी काहीतरी बोलाचाली झालेली होती, चेहऱ्यांवरून कळत होतं.

मी माझं सांगितलं. फर्मचं खातं, कॉर्पोरेट फेअर, दोघींना सारखी सोय. मग सुगंधाकडे वळून म्हटलं, "पण मग गोल्ड होणार नाही. ह्यापुढच्या खेपा दुसऱ्या कंपनीच्या. तुझे चढायचे पॉइंट तिथेच राहतील आणि वर्ष संपलं की शून्य."

"थोड्याच खेपा ऱ्हायल्यात गो," ती म्हणाली. "एवडी फिरली मी. दोन महिन्यात झाली असती."

"हो."

"आनी तू सांगतेस सोड."

"मी नाही सांगत. दोन्ही तुझ्यासमोर ठेवतेय."

ती वहिनींकडे बघत म्हणाली, "तुला वाटतं मी मज्या मारत फिरते."

वहिनी दोरीवरचा बोंबील उलटा करत म्हणाल्या, "मारतेसच. मी पन मारत व्हते. म्हनून तर मना कळतंय."

नारायणदादा खाली मान घालून हसले. सुगंधा हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. ती उठून वहिनींजवळ गेली, पलीकडच्या दोरीवरचे बोंबील उलटायला लागली.

"मना परवा लई लाज वाटली वयनी," ती म्हणाली. "तो सोडं माझ्या म्होरं धरून इचारतो, ये क्या है? मी काय बोलू? तू असती तर हातात घेऊन सांगितलं असतंस."

"आनी तू असती तर मी सांगितलेलं त्याला हिंदीत पटलं असतं," वहिनी म्हणाल्या. "माझं हिंदी आयकून तर तो आनखी चिडतो."

मग सुगंधा माझ्याकडे वळली. "सोनं घालून काय माल इकला जातो? काढ ते फर्मचं खातं."

खातं उघडलं. पण पुढच्याच आठवड्यात दोघींना एकदम गुवाहाटीला जायचं होतं, आणि ऐनवेळचं तिकीट महाग होतं. एकीचं फर्मच्या खात्यातून काढलं. दुसरीसाठी मला जेवणवालीतले सुगंधाचे खर्चायचे पॉइंट आठवले. चढायचे वाया जाणार होते, पण खर्चायचे होतेच. मोजले तर थोडे कमी पडत होते. वहिनींच्या खात्यात जुने थोडे पडून होते. त्या कंपनीत फॅमिली पूल नावाची सोय आहे. घरातल्या माणसांचे पॉइंट एकत्र करता येतात. मी कॉल सेंटरला फोन लावला.

"मॅम, मेंबरशी रिलेशन?"

"नणंद."

"सॉरी?"

"हजबंड्स सिस्टर."

"ओके मॅम, सिस्टर-इन-लॉ. आणि दुसऱ्या मेंबरकडून रिलेशन?"

"भावजय. ब्रदर्स वाइफ."

"सेम मॅम. सिस्टर-इन-लॉ."

फोन स्पीकरवर होता. वहिनी सुगंधाला म्हणाल्या, "बग, इंग्रजीत आपन दोगी येकच." दोघी इतक्या हसल्या की कॉल सेंटरवाल्या मुलीने विचारलं, मॅम, आर यू देअर?

तरीही थोडे कमीच पडत होते. वहिनींच्या सुरुवातीच्या काही खेपांत आम्ही मेंबरशिप नंबर टाकलाच नव्हता, कारण तेव्हा तो काढलेला नव्हता. त्यातल्या अलीकडच्या एका खेपेचे पॉइंट मागाहून मागता येत होते. ह्याला रेट्रो क्लेम म्हणतात. ठरावीक मुदतीत तिकीट नंबर देऊन मागायचे, बहुतेक कंपन्या देतात. लोक विसरतात म्हणून मुद्दाम सांगते. क्लेम मंजूर झाला आणि पॉइंट्सवर तिकीट निघालं. ते मी वहिनींच्या नावाने काढलं. विमानात खिडकी हवी का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सुगंधाच्या बाजूला दे."

"वहिनी, दोघींच्या कंपन्या वेगळ्या आहेत. विमानंच वेगळी आहेत."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्यांदाच एकत्र निघाल्या होत्या आणि तासाभराच्या फरकाने दोन वेगळ्या विमानांतून जाणार होत्या. सुगंधा म्हणाली, "जाव दे. जी पयली उतरंल ती दुसरीची वाट बगंल."

खळ्याचा प्रश्न नारायणदादांनी सोडवला. त्या आठवड्यात त्यांनी बोट बाहेर काढली नाही. शेजारच्या दोन बायका मदतीला आल्या. कोळीवाड्यातल्या लोकांनी दादांना काठी घेऊन कावळे हाकताना पाहिलं आणि बरंच काही बोलून घेतलं, असं नंतर मला त्यांनीच सांगितलं.

गुवाहाटीत काय झालं ते मला दोघींनी परतीच्या दिवशी फोनवर एकदम बोलत सांगितलं, त्यामुळे अर्धं कळलं, अर्धं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. वहिनी आधी गोदामात गेल्या. पोती जमिनीवर, भिंतीला लागून रचलेली होती. थंडीत तिकडे सकाळी धुकं असतं, भिंत ओली. वहिनींनी मधल्या पोत्यातला सोडा काढून बरुआबाबूंच्या हातात दिला. तो कोरडा होता. मग भिंतीकडचा दिला. सुगंधाने हिंदीत सांगितलं की चूक अर्धी तुमची, पोती फळीवर ठेवायला हवी होती, आणि अर्धी आमची, कारण एवढ्या दमट हवेला आमची आतली पिशवी पातळ पडते. पुढचा माल जाड पिशवीत, छोट्या छोट्या पाकिटांत, सील करून येईल. खराब झालेला भिंतीकडचा माल आम्ही बदलून देतो, बाकी नाही.

"मी बोलत व्हते आनी ती मना चिमटं काढत व्हती," सुगंधा म्हणाली.

"ती लई देत सुटली व्हती!" मागून वहिनींचा आवाज.

बरुआबाबू दोघींना घरी जेवायला घेऊन गेले. त्यांच्या बायकोने सुकी मासळी भाजून, मिरची-लसूण घालून कुटलेली चटणी वाढली. वहिनींनी ती कशी केली ते विचारून घेतलं, आणि सोड्यांची खिचडी कशी करायची ते सुगंधाकडून हिंदीत सांगवलं. पुढच्या सीझनची ऑर्डर त्या जेवणानंतर ठरली. आधीपेक्षा मोठी.

काम लवकर आटोपलं होतं. सुगंधाने फोन केला, तिची वेळ मी फर्मच्या खात्यातून बदलून दिली. चार्ज लागला नाही. वहिनींचं पॉइंट्सवरचं तिकीट मात्र बदलता येत नव्हतं. सुगंधाला सांगितलं तर म्हणाली, "मंग माझं पन ऱ्हावं दे तसंच. येकलीच पुडं येऊन काय करू?" मी पुन्हा बदललं. पुन्हा चार्ज लागला नाही. त्या अर्थी योजना चांगली होती.

गोल्ड कुणालाच मिळालं नाही. सुगंधाचं सिल्व्हर वर्ष संपल्यावर गेलं. फर्मच्या खात्यात मात्र पॉइंट साठतायत, आणि दोघी पुन्हा पाळीपाळीने जातायत. वर्षातून एकदा, दर्या शांत असतो आणि खळ्यावर माल कमी असतो तेव्हा, दोघी मिळून एका नव्या गावी गिऱ्हाईक शोधायला जातात. ह्या वर्षी अगरताळा आहे. पनवेलजवळच्या नव्या विमानतळामुळे आता बोटीच्या वेळेचीही चिंता उरलेली नाही. दोघींना आता एकाच विमानात शेजारी-शेजारी जागा मिळते, आणि पहिल्याच वेळी खिडकीवरून भांडण झालं.

हल्ली कुणी नियमित प्रवास करणारा माझ्याकडे येऊन विचारतो, कुठल्या कंपनीचा प्रोग्रॅम चांगला? मी आधी त्याला दोन प्रश्न विचारते. तुम्हाला त्यातून नक्की काय हवंय, आणि तुमच्यातलं कोण जाणार, कोण मागे राहणार? ह्यांची उत्तरं मिळाल्यावर कंपनी निवडायला फार वेळ लागत नाही.